मोडलेले नाक

मराठीत नाकाचे वाक्प्रचार मोजायला बसलात तर बोटे पुरणार नाहीत. नाक मुरडणे, नाक खुपसणे, नाक मुठीत धरणे, नाकी नऊ येणे, नाकासमोर चालणे, नाकाने कांदे सोलणे. आपल्या उर्दूतही तेच आहे. घराण्याची अब्रू गेली की आपण म्हणतो 'नाक कट गई', आणि शेजारचा मराठी माणूस म्हणतो 'नाक कापले गेले'. भाषा दोन, पण नाक आणि इज्जत यांची सांगड दोन्हींत सारखीच घातलेली आहे.

याचा एक वाईट परिणाम होतो. ज्याचे नाक वाकडे किंवा बसके असते, त्याला उगाच खाली बघावे लागते. वर्गात त्याला 'नकट्या' हे नाव पडते आणि ते शाळा सुटल्यावरही सुटत नाही. 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' ही म्हण सगळ्यांना पाठ आहे, पण त्या मुलीचे नाक मुळात असे का झाले, हे कोणी विचारीत नाही. कदाचित ती चार वर्षांची असताना पाळण्यावरून पडली असेल, आणि 'लहान आहे, वाढेल तसे नीट होईल' असे म्हणून घरच्यांनी सोडून दिले असेल.

शिरूर कासारसारख्या गावात नाकाला मार बसण्याची कारणे कमी नाहीत. आपला तालुका ऊसतोड कामगारांचा. दिवाळीच्या सुमाराला बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसे कारखान्यांकडे निघतात. बैल जुंपताना माणूस पुढे वाकतो, त्याच क्षणी माशी उडवायला बैल मान झटकतो आणि शिंग किंवा कपाळ थेट नाकावर बसते. बैलाच्या मनात काही नसते, पण नाक मोडायचे ते मोडते. कबड्डीत गुडघा लागतो, कुस्तीत डोके लागते, मोटारसायकल घसरते, मुले सिंधफणेच्या पात्रातल्या खडकांवर तोंडघशी पडतात. चेहऱ्याच्या हाडांमध्ये नाकाचे हाड सगळ्यांत जास्त वेळा मोडते, आणि ते साहजिकच आहे. ते सगळ्यांच्या पुढे असते आणि पातळही असते.

आता नाक म्हणजे नेमके काय, ते पाहू. आरशासमोर उभे राहा आणि दोन बोटांनी नाकाचा दांडा वरपासून खाली चाचपा. वरचा एक तृतीयांश भाग कडक लागतो. तिथे दोन छोटी हाडे घराच्या छपरासारखी एकमेकांना टेकून उभी असतात. त्याच्या खाली बोट मऊ भागावर येते. तो कूर्चेचा भाग आहे. कूर्चा हाडापेक्षा मऊ आणि लवचिक असते. कानाचा वरचा भाग दुमडून सोडला की तो पुन्हा सरळ होतो, कारण त्यातही कूर्चाच असते. नाकाच्या आत मधोमध एक पडदा आहे. तो पुढे कूर्चेचा आणि मागे हाडाचा असतो. हा पडदा नाकाची मधली मेढ आहे. मेढ कलली की छप्पर कलते. म्हणून बाहेरून नाक वाकडे दिसते तेव्हा बहुधा आतला पडदाही वाकलेला असतो. बाहेरचे सगळ्यांना दिसते, आतले फक्त ज्याचे नाक आहे त्यालाच कळते.

आणि आतलेच जास्त महत्त्वाचे आहे. नाक हे हवा गाळण्याचे, ओली करण्याचे आणि कोमट करण्याचे यंत्र आहे. एक बाजू बंद पडली की माणूस तोंडाने श्वास घेतो, घसा कोरडा पडतो, रात्री घोरतो, झोप नीट होत नाही. उसाच्या फडात पहाटेच्या थंडीत मोळी डोक्यावर घेऊन चालणाऱ्याला श्वास पुरला नाही तर काय होईल, याची कल्पना करा.

मार लागला की घोळणा फुटतो, म्हणजे नाकातून रक्त येते. अशा वेळी आपल्याकडे मान मागे करायला लावतात आणि कांदा हुंगवतात. मान मागे केली की रक्त घशात उतरते आणि उलटी होते. कांद्याने रक्त थांबत नाही. खरा उपाय सोपा आहे. बसावे, थोडे पुढे वाकावे, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरावा, तोंडाने श्वास घ्यावा आणि दहा-पंधरा मिनिटे चिमूट सोडू नये. मधे मधे सोडून बघण्याचा मोह फार होतो, पण तो आवरायचा. वरून थंड पाण्याची घडी ठेवली तर सूजही कमी येते. रक्ताऐवजी पाण्यासारखा पातळ द्रव ठिबकत असेल, किंवा मुलगा बेशुद्ध पडला असेल, तर मार डोक्यापर्यंत गेला असे समजून लगेच मोठ्या दवाखान्यात न्यावे.

रक्त थांबले म्हणजे काम संपले, असे बहुतेक घरांत मानतात. इथे मात्र एक गोष्ट लक्षात ठेवलीच पाहिजे. कधी कधी रक्त बाहेर न येता मधल्या पडद्याच्या कूर्चा आणि तिच्यावरचे अस्तर यांच्यामध्ये साचते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला अन्नपाणी त्या अस्तरातून मिळते. मधे रक्ताची गाठ आली की पुरवठा तुटतो, पू होण्याची भीती असते, आणि थोड्याच दिवसांत कूर्चा मरते. मग मेढ ढासळते आणि नाकाचा दांडा मधे खचून घोड्याच्या खोगिरासारखा होतो. मुलांमध्ये हे जास्त घडते. मार लागल्यानंतर एक-दोन दिवसांत दोन्ही नाकपुड्या चोंदल्या, आत लालसर-जांभळी मऊ सूज दिसली, दुखणे वाढले किंवा ताप आला, तर सकाळची वाट बघू नये. डॉक्टर एक छोटा छेद देऊन ते रक्त काढून टाकतात. काम काही मिनिटांचे आहे, पण त्यावर पुढच्या साऱ्या आयुष्याचे नाक अवलंबून असते.

हाड सरकले असेल तर तेही लवकर बसवता येते. सूज उतरायला तीन-चार दिवस लागतात. त्यानंतर मोठ्या माणसांत साधारण दोन आठवड्यांच्या आत आणि मुलांत आठवडा-दहा दिवसांच्या आत, गुंगी देऊन, हाड आतून उचलून जागेवर आणता येते. चिरफाड लागत नाही. ही युक्ती फार जुनी आहे. हजार वर्षांपूर्वी अंदलुसमधल्या कुर्तुबा शहरात अबुल कासिम अल-जहरावी नावाचे मोठे शल्यवैद्य होऊन गेले. शल्यवैद्य म्हणजे जर्राह. त्यांच्या 'अत-तसरीफ' या ग्रंथाचे तीस भाग आहेत आणि शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे. त्यात मोडलेल्या नाकावर एक प्रकरणच आहे. हाड आतून बोटाने किंवा सळईने उचलावे, बाहेरून दुसऱ्या हाताने सारखे करावे, आत कापडाच्या वाती ठेवाव्यात. कोणी कोणी हंसाच्या पिसाच्या पोकळ नळीला मऊ कापड गुंडाळून ती आत ठेवतात, म्हणजे आधारही मिळतो आणि श्वासही चालू राहतो, असेही त्यांनी नोंदवले आहे.

पण ते दिवस निघून गेले तर? आपल्याकडे बहुधा तसेच होते. फड सोडून दवाखान्यात जायला उचल घेतलेल्या माणसाला सवड नसते. हंगाम संपेपर्यंत हाड वाकड्या जागी जुळून पक्के झालेले असते. 'आता काय उपयोग? जुने झाले,' असे सगळे म्हणतात. जुने नाक सुधारते की नाही, या प्रश्नाचे उत्तर समजून घ्यायला आपण सव्वादोनशे वर्षांहून जास्त मागे, पुण्याकडे जाऊ.

१७९० ते १७९२ या काळात म्हैसूरच्या टिपू सुलतानाशी इंग्रजांचे युद्ध झाले. मराठे आणि निजाम त्या वेळी इंग्रजांच्या बाजूने होते. इंग्रज फौजेच्या सामानाच्या गाड्या ओढायला बैल लागत आणि बैल हाकायला माणसे. त्यांत कावसजी नावाचा एक गाडीवान होता. नाव पारशी वाटते, पण समकालीन पत्रात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे लिहिले आहे. तो टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. नाक कापण्याची शिक्षा त्या काळी एकाच राज्यात होती असे नाही. ती अनेक ठिकाणी दिली जाई, आणि हेतू एकच असे, की माणसाने पुन्हा चारचौघांत तोंड दाखवू नये. कावसजी त्याच स्थितीत श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेत परत आला. कंपनीने त्याला पेन्शन दिले. बारा महिन्यांहून जास्त काळ तो नाकाशिवाय राहिला.

मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. हा माणूस हकीम नव्हता, वैद्य नव्हता. तो विटा करणाऱ्या जातीचा होता. मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. तिचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन' या मासिकात छापून आले. सोबत कावसजीचे चित्रही होते. ते पुण्यात पेशवे दरबाराची चित्रे काढणाऱ्या जेम्स वेल्स या चित्रकाराने काढले होते. पाहणाऱ्यांची नावे आली, चित्रकाराचे नाव आले, रुग्णाचेही आले. ज्याने नाक बसवले त्याचे नाव मात्र त्या पत्रात नाही. मला हे वाचताना दरवेळी खटकते.

त्याने काय केले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. प्रथम त्याने मेणाचा एक पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर बसवून चांगल्या नाकाचा आकार घडवला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ मारली. शिंपी कापडावर खडूने माप आखतो तसेच. त्या रेघेवरून त्याने कपाळाची कातडी सोडवली, पण पूर्ण सोडवली नाही. दोन डोळ्यांच्या मधे एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवली, म्हणजे त्या पट्टीतून कातडीला रक्त मिळत राहील. नंतर त्याने बुंध्यावरची जुनी, भरून आलेली जखम छिलून पुन्हा ताजी केली आणि तिच्यालगत चीर पाडली. कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणली आणि तिच्या कडा त्या चिरेत बसवल्या. जोड धरून ठेवायला टाके घातल्याचा उल्लेख नाही. पानात घालतात तो काथ पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावला आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या. चार दिवस तेवढेच. मग तुपात भिजवलेली फडकी. पाच-सहा दिवस रुग्णाला उताणे झोपवले. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घातले. पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला, नवे नाक जागेवर रुजल्यावर, मधली पट्टी कापून टाकली. गुंगीचे औषध तेव्हा जगात कुठेच नव्हते. ईथर देऊन शस्त्रक्रिया करून दाखवली गेली ती १८४६ साली. कावसजीने हे सगळे शुद्धीवर सोसले असणार.

ज्यांच्या घरी आंब्याची झाडे आहेत त्यांना ही पद्धत लगेच समजेल. भेटकलम करताना चांगल्या आंब्याची फांदी मूळ झाडापासून आधीच तोडत नाहीत. फांदीची आणि रोपाची साल थोडी तासतात, दोन्ही ताजे भाग एकमेकांना लावून बांधतात, आणि जोड पक्का झाल्यावरच फांदी मूळ झाडापासून वेगळी करतात. साल न तासता नुसते बांधून ठेवले तर कलम कधीच धरत नाही. पुण्याच्या त्या कारागिराला हेच ठाऊक होते. भरून आलेली कातडी भरून आलेल्या कातडीला चिकटत नाही. जुने दुखणे दुरुस्त करायचे तर ते आधी पुन्हा ताजे करावे लागते.

ही विद्या त्याची एकट्याची नव्हती. पत्रातच लिहिले आहे की ही शस्त्रक्रिया हिंदुस्थानात फार पूर्वीपासून चालत आली आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, सोळाव्या अध्यायात, झाडाच्या पानाने माप घेऊन गालाच्या कातडीचे नाक करण्याची रीत सांगितली आहे. श्वासासाठी आत दोन नळ्या ठेवाव्यात असेही तिथे आहे. सुश्रुताच्या ग्रंथाचा आठव्या शतकात बगदादला अरबी तर्जुमा झाला. वजीर यह्या बिन खालिद बरमकी याच्या हुकमावरून मनका नावाच्या भारतीय वैद्याने तो केला, अशी नोंद इब्न नदीम याच्या 'अल-फिहरिस्त' या ग्रंथसूचीत आहे. इटलीत बोलोन्याच्या ताल्याकोत्सी या शल्यवैद्याने १५९७ मध्ये दंडाच्या कातडीचे नाक करण्याची रीत छापली होती. तिच्यात रुग्णाला कित्येक दिवस हात डोक्याला बांधून बसावे लागे, आणि पुढे युरोपात ती मागे पडली. म्हणून पुण्याची बातमी लंडनच्या मासिकात आली तेव्हा तिकडच्या डॉक्टरांना नवल वाटले. जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यवैद्याने आधी प्रेतांवर सराव केला, १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली, आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. कपाळाच्या कातडीचे नाक करण्याला तेव्हापासून 'भारतीय पद्धत' म्हणतात. कर्करोगाने किंवा अपघाताने नाक गेलेल्या रुग्णांसाठी सुधारलेल्या रूपात ती आजही जगभर वापरतात.

कावसजीचे नाक कापले होते; आपल्या गाडीवानाचे नाक मोडून वाकडे जुळले आहे. दोन्हींत फरक आहे, पण नियम तोच लागू पडतो. वाकडे जुळलेले हाड सरळ करायचे तर ते पुन्हा मोडावे लागते. फक्त या वेळी बैलाच्या शिंगाने नव्हे, दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या छिन्नीने, ठरलेल्या रेघेवर.

आजची शस्त्रक्रिया अशी असते. रुग्णाला पूर्ण भूल देतात. छेद नाकपुडीच्या आतून घेतात, किंवा दोन नाकपुड्यांच्या मधल्या पट्टीवर एक लहानसा छेद देऊन वरची कातडी उचलतात. प्रथम मेढ दुरुस्त करतात. पडद्याचा जो भाग फारच वाकला असेल तो काढतात, पण पुढची आणि वरची सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची चौकट ठेवतात, नाहीतर छप्परच खाली येईल. मग दोन्ही बाजूंची हाडे छिन्नीने सोडवून मधल्या रेषेवर आणतात. दांडा कुठे खचला असेल तर पडद्यातून काढलेली कूर्चाच तिथे भर म्हणून घालतात. ती पुरली नाही तर कानामागून किंवा बरगडीतून थोडी कूर्चा घेतात. म्हणजे एकाच माणसाच्या अंगातला तुकडा एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो. शेवटी बाहेरून साचा बसवतात. हे सगळे दोन-तीन तासांचे काम आहे.

हे करायला कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन लागतो. 'प्लास्टिक' या शब्दावरून नाकात प्लास्टिक घालतात असे काही जणांना वाटते. तसे नाही. आकार देणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते नाव आले आहे. शिरूर कासारहून आधी बीडच्या जिल्हा रुग्णालयात दाखवावे. मोठी शस्त्रक्रिया ठरली तर अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचे, घाटी रुग्णालय आहे. ही दोन्ही सरकारी आहेत.

जाण्यापूर्वी घरी एक लहानशी परीक्षा करता येते. थंड आरसा नाकाखाली धरून हळू श्वास सोडा. दोन्ही बाजूंना सारखी वाफ उमटते का ते पाहा. एका बाजूला सतत फारच कमी उमटत असेल तर ते डॉक्टरांना सांगा. सर्दी झालेली असताना मात्र ही परीक्षा करू नका, आणि एकाच वेळच्या परीक्षेवर विसंबूही नका, कारण निरोगी माणसाच्याही दोन नाकपुड्या आलटूनपालटून थोड्या बंद-उघड होत असतात.

श्वास नीट चालत असेल आणि वाकडेपणाचे मनाला काही वाटत नसेल, तर शस्त्रक्रियेची गरज नाही. जाहिरातीतल्या नाकासारखे नाक हवे म्हणून छिन्नीखाली जाणे मला पटत नाही. पण ज्याला रात्रभर तोंडाने श्वास घ्यावा लागतो, किंवा जी मुलगी ओढणीने चेहरा झाकल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, त्यांना 'देवाने दिले तसे राहू दे' असे सांगणे हीही मला दया वाटत नाही. ते नाक देवाने तसे दिलेले नसते. ते पडून मोडलेले असते.

मुलांच्या बाबतीत घाई करीत नाहीत. चेहऱ्याची वाढ पूर्ण व्हावी लागते. मुलींत ती साधारण पंधरा-सोळाव्या वर्षी आणि मुलांत सतरा-अठराव्या वर्षी होते. श्वास फारच अडत असेल तर डॉक्टर आधीही थोडी दुरुस्ती करतात. मोठ्या माणसाला मात्र वयाची अडचण नसते. वीस वर्षांपूर्वी मोडलेले नाकही दुरुस्त होते. ते सुतासारखे सरळ होईलच, असे चांगला डॉक्टर कधी सांगत नाही. कूर्चेला जुन्या वळणाची सवय असते आणि ती थोडी परत वाकू शकते. काही जणांना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागते. हे आधीच विचारून घ्यावे.

साचा साधारण आठवड्याने काढतात. डोळ्यांभोवती काळेनिळे डाग पडतात, ते दोन आठवड्यांत जातात. उशी उंच घेऊन झोपावे, नाक जोराने शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडून द्यावी. विडी-सिगारेट बंद, कारण धुराने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो. चष्मा असेल तर त्याचे वजन दांड्यावर कसे पडू द्यायचे नाही, ते डॉक्टरांना विचारावे. बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते, पण नाकाच्या शेंड्याची शेवटची सूज जायला वर्षही लागते, तोवर रोज आरसा बघून घाबरू नये. कबड्डी आणि कुस्ती किमान दीड-दोन महिने नाही. बैल जुंपण्याचे कामही तितके दिवस घरातल्या दुसऱ्या कोणावर सोपवावे.